दहा मुठींचा कठडा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नव्हे आणि घाईतही नव्हे. खालच्या कचेरीत पंख्याखाली बसून, पेनाचं टोपण दातात धरून, चहा संपेपर्यंतच्या वेळात तुम्ही लिहिलंत, 'गच्चीला कठडा आहे. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' ऐकणाऱ्याला वाटेल, पहिलं वाक्य तरी खरं असेल. मी सांगतो, दोन्ही खोटी आहेत. माझ्याइतकं हे कुणालाच ठाऊक नाही, कारण तो कठडा मी आहे.

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. धुलाई कारखान्याच्या तीन मजली इमारतीवर, गच्चीला चारही बाजूंनी वेढून उभा आहे. माझं अंग विटांचं, त्यावर चुन्याचा गिलावा. डोक्यावर दगडी पट्टी आणि पट्टीत रोवलेले लोखंडी आकडे. कचेरीची खिडकी बरोबर माझ्या खाली येते, त्यामुळे तिथलं बोलणं मला आपोआप ऐकू येतं. तुम्ही छत्रीची, पुस्तकाची, घड्याळाची आत्मवृत्तं वाचली असतील. ती बिचारी हळूच सुस्कारे टाकतात. मला सुस्कारे टाकता येत नाहीत. माझ्या अंगावरून एक बाई खाली गेली आहे.

माझा जन्म मारामारीतून झाला. इमारत उभी राहिली तेव्हा मी नकाशात नव्हतोच. उरलेल्या विटा धुराड्याला लागणार होत्या. गवंड्याने कठड्याचं विचारलं, तेव्हा थोरले मालक म्हणाले, "वर बायका चादरी वाळत घालणार. त्या काय तिथे फुगड्या घालणार आहेत?" सगळे हसले. गवंडी हसला नाही, पण गप्प बसला. त्या गप्प बसण्याची किंमत त्याच्या मेहुण्याने मोजली.

मेहुणा गच्चीवर चुना घोटत होता. हे काम उकिडवं बसून करतात. घोटलेल्या चुन्यावर पाय पडू नये म्हणून माणूस मागे मागे सरकत जातो. नजर हातातल्या थापीवर, पाठ मोकळ्या बाजूला. तो चांगला कारागीर होता. काम आरशासारखं करायचा. सरकता सरकता गच्ची संपली आणि त्याला ते कळलं नाही. खाली वाळूचा ढीग होता. तो ढिगावर पडला असता तर वाचला असता. तो ढिगाच्या अलीकडे रचलेल्या दगडांवर पडला.

गवंडी खाली गेला. अंगातला सदरा काढून त्याने मेहुण्याच्या तोंडावर घातला. मग तसाच उघड्या अंगाने कचेरीत शिरला, थोरल्या मालकांची कॉलर धरली आणि त्यांना फरफटत तीन जिने वर आणलं. गच्चीच्या काठावर उभं करून त्यांना बाहेरच्या बाजूला वाकवलं. मालकांच्या बुटांची टोकं हवेत होती. सगळा भार गवंड्याच्या एका मुठीत.

"सोड! फासावर देईन तुला!"

"द्या. आधी खाली बघा. माझ्या बायकोचा भाऊ आहे तो. घरी जाऊन तिला काय सांगू? विटा पुरल्या नाहीत म्हणून?"

समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहायचे. पाद्री होऊ घातलेल्या मुलांना ते जुनी हिब्रू भाषा शिकवायचे. सगळे त्यांना पोथीमास्तर म्हणत. खिडकीतून हा प्रकार पाहून ते धावत वर आले. दोन पायांत दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या चपला होत्या.

"अरे सोड त्यांना!" ते ओरडले.

"सोडू?" गवंड्याने विचारलं.

"नको, नको! धर! आत ओढ आधी!"

गवंड्याने ओढलं. तिघे ओल्या चुन्यात बसून धापा टाकत राहिले. मेहुण्याने घोटलेला चुना तिघांनी मिळून खराब केला. थोरल्या मालकांचे दात वाजत होते. मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि एका शब्दाची गोष्ट सांगितली. ती मी ऐकली नाही, मी तेव्हा विटांच्या ढिगात होतो. पण पुढे ती माझ्यासमोर इतक्या वेळा सांगितली गेली की मला पाठ आहे.

मास्तर म्हणाले, बायबलच्या जुन्या हिब्रू भागात देवाचं नाव हजारो वेळा येतं. तलवार शेकडो वेळा येते. मेंढरं, राजे, लढाया यांना तर तोटाच नाही. पण एक शब्द असा आहे, जो त्या एवढ्या मोठ्या ग्रंथात एकदाच येतो. मआके. म्हणजे गच्चीचा कठडा. त्या देशात घरांना सपाट गच्च्या. लोक तिथे झोपत, धान्य आणि ताग वाळवत, प्रार्थनाही तिथेच करत. म्हणून नवं घर बांधणाऱ्याला तिथे बजावलं आहे की गच्चीला मआके कर. नाहीतर कुणी पडला, तर त्याचं रक्त तुझ्या घरावर येईल.

गवंड्याला धाप लागली होती, तरी त्याने विचारलं, "एकदाच आलाय म्हणता. मग त्याचा अर्थ लावला कसा?"

मास्तर म्हणाले, "शहाणा आहेस. हाच प्रश्न माझे विद्यार्थी वर्षभर विचारत नाहीत. दहा ठिकाणी आलेला शब्द ताडून बघता येतो. याला ताडायला दुसरी जागाच नाही. शेजारच्या भाषेत 'अडवणं' अशा अर्थाचा एक शब्द आहे, त्याच्याशी याचं नातं असावं असं काही पंडित म्हणतात. काही म्हणतात, नाही. भांडतात. पण अर्थाबद्दल कुणी भांडत नाही, कारण तो पुढच्याच ओळीत आहे. जे नसलं की घरावर रक्त येतं, ते म्हणजे मआके."

थोरल्या मालकांनी खाली पाहिलं. मेहुण्याच्या तोंडावरचा सदरा भिजून काळा पडला होता.

दुसऱ्या दिवशी धुराड्याच्या विटा वर आल्या. मास्तरांनी उंचीही सांगितली. ती मूळ ग्रंथात नाही. नंतरच्या काळातल्या ज्यू पंडितांनी ती ठरवली आहे: एकावर एक ठेवलेल्या दहा मुठी, आणि टेकणाऱ्याचं वजन पेलेल इतकी मजबुती. गवंड्याने फूटपट्टी घेतली नाही. चुन्याच्या जमिनीवर स्वतःची मूठ ठेवली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर पुन्हा पहिली. त्याच्या मुठी म्हणजे हातोडेच. दहा मुठी भरल्या तेव्हा मी मध्यम उंचीच्या बाईच्या छातीला लागत होतो. शेवटची पट्टी बसली आणि जिन्यात पोलीस उभे होते. थोरल्या मालकांनी कठडाही बांधून घेतला आणि गवंड्याला सहा महिने तुरुंगातही घातलं. देवभीरू माणूस, पण कॉलर विसरला नाही.

गवंडी सुटला, तेव्हा एकदा वर आला. मला वाटलं, मायेने हात फिरवील. त्याने मला लाथ मारली. सगळं अंग झोकून, टाचेने, तीनदा. मी हललो नाही. "बरं," असं म्हणून तो गेला. माझ्या आयुष्यात इतकी मोठी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

मास्तरांनी ती सगळी हकिकत एका मोठ्या कागदावर लिहून मालकांना दिली. शब्द, त्याचा अर्थ, दहा मुठींचं माप, आणि ते कुठून मोजायचं तेही: 'उभ्या माणसाच्या पायापासून.' मालकांनी कागद काचेच्या चौकटीत घालून कचेरीत लावला. बायका रोज सकाळी त्याच भिंतीसमोर हजेरीला उभ्या राहत. हजेरी घेणारा सावकाश नावं पुकारी, तोवर दुसरं काय वाचणार? एकीला वाचता येई, ती दुसरीला सांगे. अशा रीतीने तो शब्द बायकांच्या तोंडी बसला. कुणाचा नवरा पिऊन हात उगारू लागला की मैत्रीण म्हणे, "अगं, त्याला मआके घाल की जरा!" एखादी फार बोलू लागली की, "तोंडाला मआके नाही हिच्या." पंडितांना जो शब्द आयुष्यात एकदाच भेटतो, तो आमच्याकडे दिवसातून वीसदा ऐकू यायचा.

माझं काम सोपं नव्हतं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ओल्याच वर येतात. दोर समोरच्या बाजूच्या आकड्याला बांधलेला असतो. चादरींच्या वजनाने तो मध्ये झोळ खातो. मग एक बाई माझ्याकडे पाठ करून उभी राहते, दोराचं मोकळं टोक हातांना गुंडाळते आणि मागे रेलून ओढते. तिची पाठ माझ्यावर टेकते. दोर ताणला गेला की शेजारीण तो माझ्या आकड्यात अडकवते. 'कठड्याला टेक आणि ओढ,' एवढंच नव्या बाईला शिकवायचं. मी असंख्य पाठी पेलल्या. एकदा वावटळीत एक बाई चादरीत गुरफटली आणि भिरभिरत येऊन माझ्यावर आदळली. तिच्या दोन बरगड्या मोडल्या. पण ती गच्चीच्या आतच राहिली. कण्हत कण्हत तिने मला एक चापट मारली आणि म्हणाली, "मेल्या, जरा मऊ तरी व्हायचंस."

मग माझे वाईट दिवस आले. आणि ते इतक्या सभ्यपणे आले की मलाही उशिरा कळलं.

गच्ची गळू लागली. खाली इस्त्रीचं दालन आहे. पांढऱ्या चादरीवर तपकिरी थेंब पडले. गळती काढायची खरी रीत अशी की जुना थर खणून काढायचा, खालची भेग बुजवायची आणि नवा थर घालायचा. त्याला आठ दिवस लागतात. आठ दिवस वाळवण बंद. थोरल्या मालकांचा मुलगा म्हणाला, "खणता कशाला? वरूनच घाला." विटांचा चुरा आणि चुना वरूनच घातला. माझ्या बाजूला जाड घातला, कारण पाण्याचा उतार पलीकडे हवा होता. काही वर्षांनी पुन्हा गळती, पुन्हा वरून. मग डांबर. मग सिमेंट. मग चुरा आणि वर फरशा. प्रत्येक कारागीर म्हणायचा, "खालचं काढायला पाहिजे हो." आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळायचं.

मित्रांनो, मला कुणी पाडलं नाही. माझी एक वीट ढासळली नाही. गच्चीची जमीनच माझ्या अंगावर चढत आली. ज्या बायकांच्या पाठीला मी लागत होतो, त्यांच्या सुनांच्या कमरेला लागू लागलो. मग मांडीला. शेवटी गुडघ्याच्या जरा वर. हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण नव्या बाईने मला आधी पाहिलेलंच नसतं. तिला वाटतं, कठडा एवढाच असतो. आणि शिकवण तीच राहिली. कठड्याला टेक आणि ओढ.

आणि तुम्ही, साहेब. तुम्ही दर वर्षी सरकारी तपासणीला येता. तुमच्या आधीचे साहेबही येत. तुमच्या छापील कागदावर एक प्रश्न आहे, 'गच्चीला कठडा आहे काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. किती उंच, ते विचारलेलंच नाही. आताचे मालक म्हणजे थोरल्यांचे नातू. ते भिंतीवरची चौकट दाखवून म्हणतात, "आमच्या आजोबांनी धर्मग्रंथ वाचून बांधलाय साहेब. आणखी काय पाहिजे?" तुम्ही कौतुकाने मान डोलावता आणि 'होय'वर खूण करता. वर येत नाही. जिने बावन्न पायऱ्यांचे आहेत. त्या बावन्न पायऱ्यांना मी तुमच्यापेक्षा जास्त दोष देत नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

दोघी बहिणी कारखान्यात होत्या. थोरली इस्त्रीवर, धाकटी गच्चीवर. धाकटी शीळ वाजवायची. मुकादमाला ते खपत नसे. मुकादम हातात ओल्या दोराचा तुकडा घेऊन फिरायचा आणि ज्या हाताचा वेग कमी, त्या हातावर मारायचा. ओला दोर कातडी सोलत नाही, नुसता आत ठसतो, म्हणून त्याला तो आवडायचा.

दुपारी वारा सुटला. अकरा चादरी दोरावर होत्या आणि प्रत्येक चादरीत वारा भरला होता. दोर ओढायला धाकटी होती.

"ओढ!" मुकादम म्हणाला. "जेवली नाहीस का?"

"जेवले तर आहे. पण वाराही जेवून आलाय, मुकादम."

बायका हसल्या. त्याने तिच्या मनगटावर दोर हाणला. तिने ओठ चावला, माझ्याकडे पाठ केली, टोक दोन्ही हातांना गुंडाळलं आणि रेलली. तिची पाठ मला शोधत होती. मी तिथे नव्हतो. मी तिच्या गुडघ्यांच्या मागे होतो. त्याने दुसरा फटका मारला, यावेळी खांद्यावर. तिने सगळा जोर लावला, आणि समोरच्या आकड्यावरची गाठ सुटली.

ऐका, मी काय केलं ते ऐका. मी तिचे गुडघे अडवले आणि वरचं अंग जाऊ दिलं. मी नसतो, नुसता उघडा काठ असता, तर ती घाबरून चार पावलं लांब उभी राहिली असती. ती जवळ आली, कारण मी होतो. ती माझ्यावर विसंबली आणि मी तिला उलटी केली. तिच्या टाचा माझ्या पट्टीवर घासल्या, त्याची खूण अजून आहे. ती ओरडली नाही. तेवढा वेळच नव्हता. खाली सोड्याचं पाणी भरलेला लोखंडी टप होता. आधी तिचं डोकं टपाच्या काठावर आदळलं. मग पाणी सांडलं. मग तिच्या हातांना गुंडाळलेल्या दोरामागून एकेक करून अकरा चादरी माझ्यावरून सळसळत गेल्या आणि तिच्यावर पडल्या.

थोरली इस्त्री टाकून खाली धावली. तिने चादरी उपसल्या. पांढरी, पांढरी, गुलाबी, लाल. आतून तिची बहीण निघाली. डोक्याची एक बाजू नव्हती. थोरली ते डोकं मांडीवर घेऊन बसली आणि त्या नसलेल्या बाजूवर हात धरून राहिली, जणू काही सांडू नये म्हणून.

मालक खिडकीत आले. पहिलं वाक्य ते काय बोलले, माहीत आहे? "त्या चादरी इस्पितळाच्या आहेत. संध्याकाळच्या गाडीने जायच्यात."

आणि त्या गेल्या. बायकांना उकळत्या हौदापाशी उभं केलं आणि मुकादम दोर घेऊन मागे उभा राहिला. हौदाचं पाणी तीनदा बदललं. तिसऱ्यांदा ते स्वच्छ निघालं. कुणी आजारी माणूस त्या रात्री त्याच चादरीवर झोपला असेल.

दुसऱ्या दिवशी, साहेब, तुम्ही आलात. थोरली कचेरीच्या दारात उभी होती. अंगावर कालचेच कपडे, पुढचा भाग वाळून कडक झालेला.

मालक म्हणत होते, "दुर्दैव आहे. पण कठडा आहे साहेब, तुम्हीच दर वर्षी पाहता. आता बाईने उडीच घ्यायची म्हटलं तर कठडा काय करणार? या कागदात बघा, मास्तरांनी लिहून ठेवलंय. ग्रंथात त्या माणसाला 'पडणारा' म्हटलंय. पडायच्या आधीच. म्हणजे ज्याच्या नशिबी पडणं, तो पडणारच."

थोरली आत आली. "मालक, मी हा कागद चौदा वर्षं रोज वाचतेय. तुम्ही आज वाचलात वाटतं."

"बाई, तू बाहेर थांब."

"पडणाऱ्याला यात काही सांगितलंय का? सांभाळून चाल, वाकू नको, वाऱ्यात उभी राहू नको? एक अक्षर नाही. जे सांगितलंय ते घरवाल्याला सांगितलंय. पडणारा कसाही असू दे. वेंधळा असू दे, नशिबाचा खोटा असू दे. रक्त कुणाच्या घरावर येतं, ते बघा. ते तिच्या घरावर येतं असं लिहिलंय का?"

तुम्ही म्हणालात, "हे बघा, भावना समजतात. पण कठडा आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे."

"मग वर चला. मोजू."

"माझे गुडघे दुखतात," तुम्ही म्हणालात.

"तिचेही दुखले असतील," थोरली म्हणाली. "शेवटचं जे टेकलं ते गुडघेच होते."

ती वर आली. माझ्यापाशी बसली आणि जमिनीवर मूठ ठेवली. तिच्यावर दुसरी. मला गवंड्याचे हात आठवले. या मुठी लहान होत्या, इस्त्रीने भाजलेल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी मूठ निम्मी हवेत होती. बायका भोवती जमल्या. मग एक म्हातारी धुणेवाली म्हणाली, "पण माझ्या सासूच्या तर हा छातीला यायचा."

थोरली बॉयलरच्या खोलीतून पहार घेऊन आली. तिने माझ्या पायाशी घाव घातला. फरशी फुटली. खाली चुरा, मग सिमेंट, मग काळं डांबर. ते ताज्या जखमेसारखं चमकलं. पुन्हा चुरा आणि चुना, पुन्हा चुरा. सगळ्यात खाली मेहुण्याच्या वेळचा घोटलेला चुना. हात तळाशी घालून एकेका बाईने मोजलं. दहा. सगळ्यांच्या मुठी सारख्या नव्हत्या, पण दहाच्या आत कुणाचं मोजमाप संपलं नाही. म्हणजे मी होतो. पूर्ण होतो. निम्मा जमिनीत पुरला होता.

मुकादम दोन गाडीवाल्यांना घेऊन वर आला. पुढचं मी बघत राहिलो, कारण मला दुसरं काही करता येत नाही. त्यांनी बायकांना केस धरून जिन्यात ढकललं. म्हातारीच्या तोंडातून दात पडला. थोरलीने मुकादमाच्या हाताला असा चावा घेतला की तो दोर टाकून बोंबलला. मग गाडीवाल्याने तिच्या हातातली पहार हिसकली आणि दांड्यासारखी फिरवली. तिचं उजवं मनगट मोडलं. तो आवाज खाली कचेरीत ऐकू गेला असणार. तुमचा चहा तेव्हा संपत आला होता.

संध्याकाळी खड्ड्यात सिमेंट भरलं. ते माझ्या बाजूला जरा उंचच राहिलं. काल तुमचा अहवाल फाटकावर चिकटवला आहे. 'कठडा आहे. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.'

मित्रांनो, माझ्यासारख्याची काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. माझं काय, मी विटांचा. तुम्ही तुमच्या घराच्या, शाळेच्या, कामाच्या जागेच्या गच्चीवर जा. जिथे कुणी उभं राहतं, तिथे जमिनीवर मूठ ठेवा आणि मोजा. भिंत आहे का, एवढं बघून परत फिरू नका. ती कुणाला थांबवील का, ते बघा. जिथे थांबवणार नाही, तिथे ती भिंत म्हणजे नुसता एक दगड आहे, आणि घरवाल्याला ते आज सांगा. लाज वाटली तरी सांगा. तुम्हाला हाकलून दिलं तर आणखी चौघांना घेऊन जा.

आता तुमच्याशी, साहेब. थोरलीला कामावरून काढलेलं नाही. मालक म्हणाले, आम्ही निर्दय नाही. इस्त्रीला दोन हात लागतात, म्हणून तिची बदली केली आहे. सोमवारी सकाळी सातला ती गच्चीवर हजर होईल. उजवा हात गळ्यात बांधलेला असेल. डाव्या हाताला दोर गुंडाळून ती माझ्याकडे पाठ करील, कारण काम तसंच करतात. मुकादमाने नवा दोर भिजत घातला आहे. चादरीत वारा भरेल. ती मागे रेलेल.

मी तिच्या गुडघ्यांपर्यंतच आहे. तुमच्या सहीप्रमाणे मी पुरेसा आहे. मग सांगा, साहेब, सोमवारी सातच्या आत सांगा, तिला मी कुठे धरू?